४६ नंबरची तार

मोटर रिवायंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ४६ नंबरची तार मागितली की काउंटरवरचा माणूस आधी आपल्याला न्याहाळतो. "काका, इतकी बारकी कायले पायजे? घड्याळ भरता का?" पंख्याला पस्तीस-छत्तीस नंबर लागतो, विहिरीवरच्या मोटरला त्याहून पुष्कळ जाड. ४६ नंबर म्हणजे ०.०६१ मिलिमीटर, डोक्याच्या केसाहून बारीक. अकोल्यात टिळक रोडच्या बाजूला मी पंचवीसेक वर्षं रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त केले. त्यामुळे ही तार कोणाच्या कपाटात मागे पडलेली असते ते मला ठाऊक आहे. आता अमरावतीला राहतो, पण तारेसाठी अकोल्याचीच गाडी धरतो.

यंदा तार हवी होती बास गिटारच्या पिकअपसाठी. पुतणीला वाजवायची आहे, तिचे हात लहान, आणि बाजारात मिळणारी चौतीस इंची बास तिच्या खांद्याला झेपत नाही. म्हणून घरीच तीस इंची बनवायला घेतली. मला स्वतःला वाजवता येत नाही. या वाद्याच्या इतिहासात त्याने फारसं बिघडत नाही.

तो इतिहास लोक वादकांच्या नावांनी सांगतात. मी दुरुस्तीवाल्यांच्या बाजूने सांगतो, कारण पुरावा आमच्या बाजूला आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा माणूस. हिशेबनीस व्हायला शिकला आणि १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. त्याच्या दुकानात वादक ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे, तक्रारी सांगायचे, आणि हा त्या तक्रारींवर सोल्डरिंग गन घेऊन बसायचा. १९५१ साली त्याने जी 'प्रिसिजन बास' काढली, तिने माणसाएवढ्या उंच उभ्या बासला बँडमधून हळूहळू बाहेर काढलं. लांबी ठेवली ३४ इंच, आणि तेव्हापासून चौतीस म्हणजे 'पूर्ण' आणि तीस म्हणजे 'छोटी' असा हिशेब पडला.

पण पहिली आली होती छोटीच. फेंडरच्या पंधरा वर्षं आधी, १९३६ च्या सुमारास, सिॲटलच्या पॉल टुटमार्कने 'ऑडिओव्हॉक्स ७३६' नावाची विजेची बास बनवली. ठोकळ्याच्या लाकडाची, पडदे ठोकलेली, आडवी धरून वाजवायची, आणि लांबी तीस इंचांच्या किंचित वर. टुटमार्क गिटार शिकवायचा, पण विजेच्या उचापतीही करायचा. त्याला ही कल्पना कशी सुचली याची गोष्ट त्याच्या घरचे सांगत. बँडमधले बाकीचे एका गाडीत बसून हसतखेळत कार्यक्रमाला जायचे आणि बासवाला बिचारा एकटाच दुसऱ्या गाडीत, कारण उरलेली सगळी गाडी त्याच्या वाद्यानेच भरलेली. मेटॅडोरमध्ये ढोल-ताशांच्या खाली पाय दुमडून बसलेली आपल्याकडची वाजंत्री मंडळी ज्याने पाहिली आहेत, त्याला ही गोष्ट खरी वाटायला वेळ लागत नाही. टुटमार्कचं वाद्य चाललं नाही, थोडेच नग निघाले. पुढे गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये साडेतीस इंची काढली. १९५६ मध्ये जर्मनीतल्या हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची तीस इंची बाजारात आली आणि १९६१ मध्ये हॅम्बुर्गला पॉल मॅकार्टनीने ती घेतली. बीटल्सच्या गाण्यांतला खर्ज ऐकून ती 'छोटी' आहे असं अजून कोणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

आता वऱ्हाडात या.

दुरुस्तीची विद्या आमच्याकडे कापसामुळे आली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला जलंबहून फाटा गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. मग जिनिंग-प्रेसिंग. आधी वाफेवर, पुढे विजेवर. १९६० मध्ये राज्याचं वीज मंडळ झालं, तारा खेड्यांत पोचल्या आणि विहिरी-विहिरींवर मोटरी बसल्या. जिथे मोटर तिथे जळलेली मोटर, आणि जिथे जळलेली मोटर तिथे रिवायंडिंगवाला. अकोला, मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूर, कुठेही जा, बाजारात एखादा माणूस मांडीवर स्टेटर घेऊन तांब्याचे वेढे मोजत बसलेला दिसतो. विजेचं वाद्य बनवायला लागणारं निम्मं कसब त्याच्या बोटांत असतं. त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

रेडिओवाले हे त्याच झाडाची दुसरी फांदी. नागपूर आकाशवाणी १९४८ ची. रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे. माझ्या उस्तादांनी व्हॉल्व्हच्या संचांवर हात बसवला होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर उडाला की ते नवा मागवत नसत, जुन्याच्या पट्ट्या सोडवून बारीक तारेने पुन्हा भरत. वेढे मोजताना कोणी बोललं तर उत्तर मिळायचं नाही. 'राम राम'सुद्धा नाही. माझी ४६ नंबरशी ओळख तिथली.

एक गोष्ट मात्र आम्हा रेडिओवाल्यांमुळेच फार उशिरा कळली, ती म्हणजे गाण्यात बास असते. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास गिटार वाजवत होते तेव्हा आमच्याकडे ती गाणी कशावर ऐकू येत होती? हातात धरायच्या ट्रान्झिस्टरवर, ज्याचा स्पीकर तळहाताएवढा. नाहीतर लग्नात झाडाला बांधलेल्या भोंग्यावर. भोंग्याची रचनाच अशी की काहीशे हर्ट्झच्या खालचं तो बाहेर सोडत नाही. बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झ होतात. भोंग्यातून त्यातलं काय येणार? खर्जाची सावली येते, वरचे स्वरांश ऐकून कान खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन आले, कॅसेटी स्वस्त झाल्या, गणपतीच्या मांडवात लाकडी बॉक्स उभे राहिले, आणि एकाएकी लोकांच्या छातीत काहीतरी धडधडू लागलं. मी दुकानात लोकांना विचारताना ऐकलंय, "भाऊ, हे खालून जे धुम्म-धुम्म वाजते, ते वाढवून द्या ना." धुम्म-धुम्म वाढवून देण्यावर आमच्या गल्लीतली तीन दुकानं काही वर्षं चालली. पुढे हे प्रकरण डीजेपर्यंत गेलं आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर गप्प बसवलं. कानठळ्यांची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही.

धुम्म आमच्याकडे नव्हतं असं मात्र नाही. वारकऱ्यांच्या पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापतात ना, ते याच कामासाठी. चामड्याचं वजन वाढलं की आवाज खाली उतरतो. भजनात डग्गा हेच काम करतो. खंजिरी त्याच्या उलट. अमरावती जिल्ह्यात यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणत देश पालथा घातला, मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज उभारला, तरी त्यांच्या हातातलं वाद्य चिमुकलंच राहिलं. अकोटकडच्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या एकदम मांडल्या तेव्हा उंच-खाली अशी उतरंड तयार झाली. ती सप्तखंजिरी ऐकताना मला नेहमी वाटतं, या माणसाला एकट्याला अख्खा ऑर्केस्ट्रा हवा होता. तारेची वाद्यं म्हणाल तर एकतारी आणि तुणतुणं. तुणतुण्याची तार एक, आणि तीही वरच्या पट्टीत टणटणणारी. तारेवरचा खरा खर्ज होता तंबोऱ्याला, आणि तंबोरा यायचा मिरजेहून. गायनी घरात तो खोळ घालून भिंतीला टेकवलेला असे आणि पोरांनी त्याला हात लावायचा नसे.

विजेचं पहिलं तारवाद्य आमच्याकडे आलं ते बेंजो. बुलबुलतरंगाला आम्ही बेंजो म्हणतो. मूळ वाद्य जपानी, तैशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये काढलेलं, टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. ते हिंदुस्थानात आलं, रुळलं आणि वरातीत, कव्वालीत, भीमगीतांच्या मंचावर जाऊन बसलं. मोठ्या गर्दीत त्याचा आवाज पोचेना, तेव्हा कोणीतरी त्याच्या पोटात कॉइल बसवली. त्या कोणीतरीचं नाव कुठेच नोंदलेलं नाही आणि मला खात्री आहे की तो वाजवणारा नव्हता. १४ एप्रिल जवळ आला की माझ्या दुकानात बेंजोंची रांग लागायची. कोणाचा जॅक सैल, कोणाची कॉइल तुटलेली, कोणाला आवाज 'भरवून' हवा. बेंजोच्या कॉइली भरता भरता मी पिकअप शिकलो. स्टीलची तार, तिच्याखाली चुंबक, चुंबकाभोवती तांब्याचे वेढे. तार हलली की वेढ्यांत बारीकसा प्रवाह उठतो आणि तोच आवाज. यापलीकडे पिकअपमध्ये काही नाही.

ऑर्केस्ट्रावाल्यांकडे बास गिटार असायची, पण ती आणायची म्हणजे मुंबईचा फेरा. परदेशी वाद्यावर जकात जबर. १९९१ नंतर बाजार उघडेपर्यंत बहुतेकांच्या हातात कलकत्त्याची गिवसन किंवा कोणाची तरी उतरलेली. उतरलेली म्हणजे मानेने वाकलेली. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि जूनच्या अखेरीस तीच हवा ओली होते. समुद्राकाठी जुळवलेलं लाकूड इथे पहिल्याच उन्हाळ्यात आकसतं. पडद्यांची टोकं बाजूने बाहेर येऊन बोटांना कापतात.

म्हणून लाकूड मी इथलंच घेतलं. मानेसाठी अचलपूरच्या पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई. मेळघाटचा साग असणार. परतवाड्याला वन खात्याचं आगार आहे, सागाचे लिलाव होतात, पण ताजं लाकूड मला नको होतं. अनेक उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलेली तुळई आता आणखी कुठे वाकायची? सुताराने ती उभ्या रेषांनी चिरून दिली आणि दोनदा पातं बदलावं लागलं म्हणून कुरकुर केली. सागात वाळूचा अंश असतो, हत्याराची धार तो खातो. शिवाय त्यात तेल असतं, त्यामुळे सरस धरत नाही. जोडायच्या जागा थिनरने पुसून लगेच फेविकॉल लावून शिकंज्यात आवळायच्या, तासाभराने गेलात तर तेल पुन्हा वर आलेलं असतं. धडासाठी शिवण. वजनाला हलकं आणि वाळल्यावर मुरडत नाही. पडद्यांच्या पट्टीला शिसव. आपल्या देशातलंच हे लाकूड अमेरिकेतल्या गिटारींवर जाऊन बसतं. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कागद लागू झाले आणि जगभरच्या गिटारवाल्यांनी डोक्याला हात लावला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. मला पट्टी एका खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याने पन्नास रुपयांत दिली.

मानेच्या पोटात लोखंडी सळई लागते. चार तारा मिळून मान पुढे ओढतात, सळई ताणून तिला मागे आणायचं. ही युक्ती गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात रूढ केली. मी लेथवाल्याकडून एका टोकाला आटे पाडून घेतले. तो सायकलचे एक्सल करणारा, त्याने विचारलंसुद्धा नाही कशाला.

पडद्यांचं गणित मात्र जरा सावकाश सांगतो, कारण सगळं वाद्य त्यावर उभं आहे. तीस इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर, घोडीपासून वरच्या अटीपर्यंत. या लांबीला १७.८१७ ने भागा. येतात ४२.८. अटीपासून तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरा पडदा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर, ३८१ वर पडतो आणि तिथे वरचं सप्तक सुरू होतं. १५८१ मध्ये विन्चेन्झो गालिलेई या ल्यूट वाजवणाऱ्याने सोपा १८ चा भागाकार सुचवला होता. गॅलिलिओ हा त्याचाच मुलगा. १८ ने भागत गेलं तर बारावा पडदा सुमारे पावणेतीन मिलिमीटर अलीकडे पडतो, म्हणजे स्वर उतरलेला. पण बोटाने तार दाबली की ती ताणली जाऊन थोडी चढतेच, त्यामुळे जुन्या कारागिरांचं १८ वर शेकडो वर्षं भागलं. मी १७.८१७ घेऊन घोडीच मागे-पुढे सरकेल अशी केली. खुणा पेन्सिलने नाही, सुरीच्या टोकाने केल्या. पेन्सिलची रेघच अर्ध्या मिलिमीटरची असते.

लहान हाताला फायदा इथे कळतो. चौतीस इंचीवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत बोटं १३० मिलिमीटर फाकावी लागतात, तीस इंचीवर ११४. बदल्यात ताण जातो. तीच तार, तोच स्वर, पण लांबी कमी, तर ताण जवळपास २२ टक्के उतरतो. जाड तार ढिली पडते आणि पडद्यावर खडखडते. उपाय पखवाजावरचाच, वजन वाढवायचं. म्हणून छोट्या बासला खालची तार एक नंबर जाड लावतात.

आणि पिकअप. फायबरच्या दोन पट्ट्या, मध्ये चार लोखंडी स्क्रू, खाली जुन्या स्पीकरच्या फेराइटचा तुकडा. त्यावर सुमारे दहा हजार वेढे. लांबी मोजली तर तार किलोमीटरभर भरते. पंखे भरायच्या यंत्राला काउंटर असतो, पण ही तार त्या यंत्राच्या ओढीने तुटते. ती चिमटीतून सोडत, फक्त बोटांना लागेल एवढ्या ताणाने भरावी लागते. मग सगळं वितळलेल्या मेणात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. मेण आत गेलं नाही तर वेढे स्वतःच थरथरतात आणि ॲम्प्लिफायर किंचाळतो. एक खोडी उरतेच. एका कॉइलचा पिकअप घरातल्या विजेची घरघर पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची. बासच्या खालच्या तारेचा तिसरा पडदा ४९ हर्ट्झचा. म्हणजे ट्यूबलाइटखाली बसलं की वाद्य स्वतःहून जवळजवळ तोच स्वर धरून बसतं. अमेरिकेत ६० हर्ट्झ, त्यांची घरघर वेगळ्या ठिकाणी. १९५७ मध्ये फेंडरने कॉइलचे दोन तुकडे करून, एक उलट भरून, घरघर घरघरीनेच मारली. मीही शेवटी तेच केलं, म्हणजे तार पुन्हा आणावी लागली. दुकानदार म्हणाला, "काका, घड्याळ लयच मोठं दिसते तुमचं."

पुतणी आता ती वाजवते. मोझरीकडच्या एका भजनी मंडळाबरोबरही बसली. खंजिरीच्या खाली खर्ज लागल्यावर म्हाताऱ्यांनी माना वर करून स्पीकरकडे पाहिलं आणि पुन्हा टाळ सुरू केले, एवढंच. कोणी हरकत घेतली नाही. खरी चौकशी केली ती बेंजोवाल्याने. हा माझा जुना गिऱ्हाईक, कव्वालीच्या मंचांवर हयात गेलेली. बास उलटीपालटी करून पाहिली, तुळईच्या खिळ्याचं बुजवलेलं भोक शोधून काढलं, चारही तारा छेडल्या आणि सगळ्यांत बारीक तारेवर बोट ठेवून म्हणाला, "हे कामाची नाही. हे आवाज माया बेंजोत हाये. मले तीन तारांची करून दे."

मी त्याला सांगितलं नाही, पण एकोणिसाव्या शतकात युरोपातही उभ्या बासला बऱ्याच ठिकाणी तीनच तारा असत, आणि जोवान्नी बोत्तेसीनी हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला बासवादक तीन तारांवरच वाजवायचा. तुळईचा उरलेला तुकडा एका मानेपुरता आहे. बेंजोवाल्याने सळईसाठी मोटरसायकलचा जुना स्पोक आणून दिला, तो मी परत केला. तेवढ्याने मान धरायची नाही.